घरच्या बाळंतपणात स्वयंपाकघर कुणी सांभाळायचं?

घरी बाळंतपण ठरलं की खाण्याची यादी बहुतेक ठिकाणी एकाच प्रश्नाभोवती फिरते: कळा चालू असताना तिला काय द्यायचं? आमच्या मते हा त्या यादीतला सगळ्यात छोटा प्रश्न आहे. जोराच्या कळा सुरू झाल्यावर ती फार तर चार घास खाईल, आणि तेही उलटून पडू शकतात. यादीचा मोठा भाग लागतो तो तिच्याभोवती जागणाऱ्या माणसांना आणि बाळ झाल्यानंतरच्या तीन दिवसांना. शिवाय ही सगळी यादी एकाच माणसाच्या नावावर हवी, आणि ते नाव बाळंतिणीचं नको.

हे सगळं पूर्ण दिवसांच्या, कमी जोखमीच्या आणि प्रशिक्षित सुईण हजर असलेल्या बाळंतपणाबद्दल आहे. मधुमेह, रक्तदाब किंवा आधीची काही गुंतागुंत असेल तर काय खायचं-प्यायचं ते सुईणीकडून किंवा डॉक्टरांकडून लिहून घ्या, या पोस्टवरून ठरवू नका.

आधी ‘कळांमध्ये काहीच खायचं नाही’ या नियमाबद्दल, कारण घरातलं कुणीतरी मोठं माणूस तो काढणारच. त्याचं मूळ कर्टिस मेंडेलसन या डॉक्टरांच्या 1946 सालच्या अहवालात आहे. 44,016 बाळंतपणांपैकी 66 जणींच्या बाबतीत, भुलीत असताना पोटातलं अन्न-पाणी फुप्फुसात गेल्याची नोंद त्यांनी केली होती. तेव्हाची भूल वेगळी होती. आज बहुतेक सिझेरियन कमरेखालच्या भुलीवर होतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये कमी जोखमीच्या बाईला कळांमध्ये खाऊ-पिऊ द्यावं असंच सांगितलं आहे. पण जुन्या भीतीतला एक भाग अजूनही खरा आहे. जोराच्या कळांत पोट हळू रिकामं होतं, आणि अफूजन्य वेदनाशामक दिलं असेल तर आणखी हळू. म्हणून खायला द्यायचं ते थोडं, हलकं आणि कमी तुपा-तेलाचं. स्निग्ध पदार्थ पोटात सगळ्यात जास्त वेळ रेंगाळतात.

खरं खाणं कळांच्या सुरुवातीला होतं, आणि नेमकी हीच वेळ लोक घालवतात. गर्भपिशवीचं तोंड साधारण चार सेंटिमीटर उघडून नियमित कळा बसल्यापासून पहिलटकरणीला सरासरी आठ तास लागतात, दुसऱ्या खेपेला पाच. त्याआधीचा रेंगाळणारा टप्पा मात्र अख्खा दिवसही चालू शकतो. त्या टप्प्यात ती बोलतेय, फिरतेय, भूक लागलीय, तर दर दोन-तीन तासांनी अर्धी वाटी ते वाटीभर साधं खाणं द्या: मऊ भात, ओट्स, टोस्ट, उकडलेला बटाटा, केळं, दही. आणि झोपू द्या. ‘आता सुरू झालं’ म्हणून सगळं घर तिच्याभोवती गोळा झालं की ती जेवतही नाही आणि झोपतही नाही, मग ऐन वेळेला अंगात ताकद उरत नाही.

कळा जोरात आल्या की ‘काय खाशील?’ हा प्रश्न बंद. कळेत असलेल्या बाईला पर्याय निवडायला लावणं म्हणजे तिला कळेतून बाहेर ओढणं. कळ ओसरली की वाकणारी स्ट्रॉ ओठांपाशी न्यायची, दोन-तीन घोट, बस. तिनं तोंड फिरवलं तर ग्लास मागे. स्ट्रॉ वाकणारीच घ्या. कुशीवर झोपलेली किंवा टबमध्ये ओणवी असलेली बाई सरळ स्ट्रॉनं पिऊ शकत नाही. खायचंच असेल तर केळ्याच्या दोन चकत्या, बी काढून मऊ केलेला एखादा खजूर, चमचाभर मध, गाळलेलं कोमट सूप. कोरडी बिस्किटं आम्ही यादीतून काढूनच टाकतो. तोंडानं श्वास घेऊन घसा सुकलेला असतो, चुरा टाळूला चिकटतो आणि ठसका लागतो. अख्खे दाणे आणि सुका मेवाही याच कारणानं नको. आंबट रसानं जळजळ वाढते. संत्र्यापेक्षा सफरचंदाचा रस बरा.

पेय घरीच करा: 500 मिली गोड रस, 500 मिली पाणी, पाव छोटा चमचा मीठ. एवढं एका वेळेला पुरतं. थोडा रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा, शेवटी शेवटी काही जणींना नुसतं चघळणंच सोसतं.

इथे एक चूक मात्र जाणकार घरांतही दिसते. ‘भरपूर पाणी पाज’ म्हणत तिला तांब्यावर तांब्या पाजतात. कळांत शरीर पाणी धरून ठेवतं. नुसतं पाणी जास्त झालं की रक्तातलं सोडियम उतरतं. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण, आणि फार झालं तर झटके. हे बाळापर्यंतही पोचतं. सगळं मिळून अडीच लिटरच्या पुढे जाऊ लागलं तर सुईणीला सांगायचं. म्हणून खुणा केलेली एक लिटरची एकच बाटली वापरा, ती किती वेळा रिकामी झाली ते कागदावर लिहा, आणि बाकी तिच्या तहानेवर सोडा. शेजारच्या रकान्यात लघवीची वेळ लिहा. दर दोन तासांनी एकदा तरी जायलाच हवं, कारण भरलेलं मूत्राशय बाळाचं डोकं खाली येताना अडवतं आणि नंतर रक्तस्राव वाढवतं.

उलटी होईल हे धरूनच चाला, विशेषतः पिशवीचं तोंड पूर्ण उघडण्याच्या आसपास. पसरट भांडं आणि ओला रुमाल हाताशी हवा. चूळ भरायला द्या, दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा घोटभर. काहीच पोटात ठरत नसेल तर तो निर्णय सुईणीचा. वासाचंही लक्षात ठेवा. फोडणी, लसूण, तळण, कडक कॉफी यातलं काहीही त्या दिवशी बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोचता कामा नये. म्हणजे त्या दिवशी घरात शिजवायचं नाही, फक्त गरम करायचं.

आता बाकीच्यांचं. दोन सुईणी, जोडीदार, एक मदतनीस अशी चार माणसं अठरा तास धरली तर तीन वेळा खाणं, म्हणजे बारा वाढप. वर चहा-कॉफी, फळं, आणि मोठं मूल असेल तर त्याचा वेगळा डबा. सुईणीला कशाची ॲलर्जी आहे का ते आधीच विचारा. जोडीदाराला दर चार तासांनी जेवायला बाहेर काढणं हे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्याचं काम. उपाशी, जागा माणूस नेमका बाळ येताना चक्कर येऊन पडतो आणि सुईणीला दोन रुग्ण होतात.

घरी बाळंतपण साधारण 37 ते 42 आठवड्यांत करतात, म्हणजे तयारी पाच-सहा आठवडे टिकायला हवी. छत्तिसाव्या आठवड्यात सूप, डाळ, भाज्यांचा रस्सा करून 250-300 मिलीच्या सपाट डब्यांत, तारीख लिहून उणे 18 अंशांवर गोठवा. मोठ्या डब्यात गोठवलं की रात्री तीन वाजता एका वाटीसाठी अख्खा गोळा वितळवावा लागतो. गरम करताना मधोमध वाफ यायला हवी, आणि एकदाच. शिजवलेला भात तासाभरात फ्रीजमध्ये जायला हवा. बाहेर राहिलेल्या भातात जिवाणू जे विष तयार करतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. टेबलावर मांडलेलं कुठलंही शिजलेलं खाणं दोन तासांनी उचला. दही, फळं आणि ब्रेड दर आठवड्याला बदला.

दवाखान्यात हलवायचं ठरलं की त्या क्षणापासून घन खाणं बंद, पिण्याचंही सुईण सांगेल तसं. शेवटचं काय आणि किती वाजता खाल्लं तो कागद सोबत न्या आणि भूलतज्ज्ञांना खरं सांगा. ‘रागावतील’ म्हणून लपवण्यासारखी ही गोष्ट नाही. जोडीदारासाठी कोरडा खाऊ आणि पाण्याची बाटली दवाखान्यात न्यायच्या पिशवीत आधीपासून असू द्या.

बाळ झालं की सगळे ताट घेऊन धावतात. थांबा. वार पडायची आहे, रक्तस्राव बघायचा आहे, टाके असतील तर ते व्हायचे आहेत. वार अडकली तर भूल लागू शकते. तोवर गोड पेयाचे घोट पुरे. सुईणीनं होकार दिला की मग खरं जेवण, आणि तेही ती पहिल्यांदा उठून लघवीला जाण्याआधी, कारण रिकाम्या पोटी उठल्यावर चक्कर येण्याची शक्यता जास्त. अंडी आणि टोस्ट, डाळ-भात, घट्ट सूप, सोबत फळ. लोहाची गोळी चालू असेल तर चहा-कॉफीबरोबर नको. बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही नाही, आणि मध तर वर्षभर अजिबात नाही. त्यातले बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जीवाणू तान्ह्या आतड्यात वाढू शकतात.

पुढचे तीन दिवस तिचा एक हात कायम बाळाखाली अडकलेला असेल. एका हातानं, चमच्याशिवाय खाता येईल असंच द्या: सोललेलं उकडलेलं अंडं, गुंडाळलेली पोळी, केळं, चीजचे तुकडे. पहिल्या शौचाची भीती सगळ्यांनाच असते, म्हणून भिजवलेले सुके अंजीर किंवा प्रून (सुके आलूबुखार) आणि पुरेसं पाणी. रात्री उशाशी झाकणाचा एक डबा आणि स्ट्रॉची बाटली. दूध पाजायला बसल्यावर तहान एकदम लागते. सकाळी तो डबा धुऊन पुन्हा भरायचा, आणि हे कामही त्याच एका माणसाच्या नावावर.