समुद्र लांबूनच छान दिसतो

व्हीलचेअर घेऊन समुद्रावर जायचं मनात असेल, तर पहिला सल्ला: घरीच बसा. घरात पंखा आहे आणि वाळू नाही.

ऐकणार नसाल तर निदान माझ्या अनुभवाचा फायदा घ्या. माझा दादा फ्लोरिडात असतो. मला पन्नास पूर्ण झाली म्हणून गेल्या महिन्यात त्याने आम्हा सगळ्यांना बहामाच्या क्रूझवर नेलं. त्यात एक दिवस कंपनीच्या खासगी बेटावर. खासगी म्हणजे वाळू त्यांची, माड त्यांचे, छत्र्या त्यांच्या, सरबतही त्यांचंच. गिरगावात वाढलेल्या मुलीला चौपाटीवर कधी उतरता आलं नाही, तर निदान अटलांटिकात पाय भिजवू, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा.

जहाजावर उगाच खूश होऊ नका. तिथे सगळं नीट असतं: रुंद दारं, लिफ्ट, बाथरूममध्ये धरायला दांडे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ठरवलं, की झेंडा परदेशी असला तरी अमेरिकेच्या पाण्यातल्या क्रूझ जहाजांना तिथला अपंगांसाठीचा कायदा लागू होतो. त्यामुळे जहाजावर मी महाराणी. पण त्या कायद्याला पोहता येत नाही. तो बहामाच्या वाळूत उतरत नाही.

माहितीपत्रक शब्दशः वाचा. ‘व्हीलचेअर उपलब्ध’ याचा अर्थ व्हीलचेअर उपलब्ध. समुद्र उपलब्ध आहे असं कोणी म्हटलं होतं?

लाटांशी आधीच बोलून ठेवा. काही बेटांना धक्का असतो, जहाज थेट लागतं. आमच्या बेटाला नव्हता. जहाज लांब उभं राहतं आणि छोट्या बोटीतून माणसं नेतात. समुद्र जरा हलला की व्हीलचेअरवाले जहाजावरच. बॅटरीची जड खुर्ची असेल तर विषयच संपला. बेट कंपनीचं, धक्का बांधायचा की नाही ते ठरवणार कंपनी, आणि दोष मात्र लाटांचा.

पहाटे उठा. वाळूवर चालणाऱ्या, फुग्यासारख्या जाड चाकांच्या खास खुर्च्या असतात, त्यासाठी. जो आधी येईल त्याला मिळेल, असा नियम. हजारो प्रवाशांत खुर्च्या दोन. आम्ही साडेआठला पोचलो तेव्हा दोन्ही गेलेल्या. एकीत आजोबा होते, त्यांचं भलं होवो. दुसरीत बिअरचा खोका होता. आणि मिळाली असती तरी ती खुर्ची स्वतःची स्वतः ढकलता येतच नाही. ढकलायला माणूस लागतो, तो तुम्ही घरून आणायचा.

सिमेंटच्या वाटेवर विश्वास ठेवा. ती छोट्या बोटी लागतात तिथून निघते, दुकानापाशी जाते, मग दुसऱ्या दुकानापाशी, मग बारपाशी. तिथे संपते. पुढे पाण्यापर्यंत तीस-पस्तीस पावलं. ही तुमची पावलं, माझी नव्हे. साध्या व्हीलचेअरची पुढची बारकी चाकं वाळूत गेली की खुर्ची गपकन थांबते आणि आपण पुढे झुकतो, देवाला नमस्कार केल्यासारखे. खुर्ची उलटी फिरवून मागे ओढली तर थोडी सरकते. भाच्याने ओढली. दहा पावलांत तो घामाने निथळला आणि मीच म्हटलं, राहू दे रे बाळा, इथून छान दिसतंय.

चार तास छान दिसलं. वहिनी पाण्यातून हात हलवत होती. मीही हलवत होते. एका मुलीने येऊन माझ्या हातात छोटी कागदी छत्री खोवलेलं सरबत दिलं. त्या सरबताला सावली होती, मला नव्हती.

तिथल्या कर्मचाऱ्यांना मदत मागू नका. प्रवाशाला उचलायचं नाही, असा त्यांना नियम आहे. मुंबईकर, हसू नका. तिकडे कोणी हात लावत नाही, इकडे कोणी हात सोडत नाही.

लोकलच्या अपंगांच्या डब्यात कोण बसलंय, ते विचारू नका.

‘दिव्यांग’ म्हटलं की स्मितहास्य करा. देवांना रॅम्प कशाला लागतो?

फुटपाथवर चाकं अडवणारे स्टीलचे खांब मोजत जा, वेळ बरा जातो.

आणि कुठेही पायऱ्या दिसल्या, की एक वाक्य ऐकायची तयारी ठेवा: “ताई, आम्ही उचलू ना!” हॉलमध्ये लग्न आहे, वर चौदा पायऱ्या. उचलू ना! नाट्यगृह, उचलू ना! गेटवेला बोटीत चढायचंय, खाली शेवाळलेल्या दगडी पायऱ्या. चौघे पुढे. एक चाक धरतो, एक पाय ठेवायची फळी धरतो (ती निघून हातात येते), तिसरा थेट माझ्या काखेत हात घालतो, चौथा फक्त “सांभाळून, सांभाळून” ओरडतो. मला कोणी विचारत नाही की ताई, धरू का, कुठे धरू. साडी कुठवर गेली हे सगळ्या गेटवेला दिसतं, मलाच दिसत नाही. बोटीत पोचल्यावर चौघांच्या चेहऱ्यावर पुण्य. आणि मी “थँक यू हां दादा” म्हणायचं, कारण उतरताना पुन्हा त्यांचीच गरज लागणार. फूटभर उंचीला बारा फूट लांब उतार, एवढंच गणित आहे. चौथीतलं. ते कोणी करत नाही, कारण चार दादा फुकट मिळतात. तुमचा चांगुलपणा आहे म्हणून तर उतार बांधला जात नाही, हे तुमच्या लक्षात कसं येत नाही?

“पण ताई, वाळूवर कसं करणार?” हे मला बहामातही ऐकवलं आणि इथेही. वाळूवर कसं करणार! मी गिरगावची आहे. दरवर्षी विसर्जनाला गाड्या रुतू नयेत म्हणून पालिका चौपाटीवर लोखंडी प्लेटा अंथरते. त्यावरून भलीमोठी मूर्ती घेतलेला ट्रक जातो. ट्रक! आणि माझं वजन खुर्चीसकट सत्तर किलो. गणपती गेले की प्लेटा उचलल्या जातात, कारण मग वाळूत जाणारं महत्त्वाचं कोणी उरत नाही. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर २०२२ साली पाण्याजवळ जाणारा लाकडी मार्ग केला. महिन्याभरात चक्रीवादळाने त्याचं नुकसान केलं, तर लगेच सगळे म्हणाले, बघा, टिकत नाही. वादळात रस्ते वाहून जातात. म्हणून रस्ते बांधायचं बंद केलंत का?

आता सल्ले पुरे झाले.

आपला अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६चा आहे. त्याचे नियम २०१७ साली आले, तेव्हापासून जुन्या सार्वजनिक इमारतींनाही उतारासारख्या सोयी करायला पाच वर्षांची मुदत होती, ती २०२२ साली संपली. २०२४च्या नोव्हेंबरात आपल्या सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, की हे नियम सक्तीचे करा, नुसत्या सूचना नकोत. कागद भरपूर आहे. त्या बेटाच्या मालकांना तर पैशांचीही सबब नाही. पाण्यात घसरगुंडी बांधलीत, बार बांधलात, गुंडाळता येणारी एक चटई वाळूवर टाकता येत नाही? येते. तुम्हाला टाकायची नाही. माझ्या तिकिटाचे पैसे पूर्ण घेतलेत, त्यात समुद्राचे वजा केले नाहीत.

आणि आमच्या घरच्यांनो, तुम्हीसुद्धा. वहिनी, दादा, सगळेच. पाण्यातून हात हलवू नका. बाहेर या, ओल्या कपड्यांनी त्या काउंटरवर जा आणि विचारा, ही वाट बारपाशी का संपते. मी विचारलं की ती तक्रार होते. तुम्ही पाचजण विचारा.