स्टीलची बीएमएक्स गळ्यात मारली, या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

ताई नमस्कार, दुकानाचा मालक बोलतोय. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की ॲल्युमिनियमची बीएमएक्स (उड्या-स्टंटसाठीची छोटी दणकट सायकल) मागितली होती तर आम्ही जुना माल खपवायला स्टीलची गळ्यात मारली, ती आठ वर्षांच्या मुलाला उचलत नाही आणि एका पावसाळ्यात गंजली. वाचून वाईट वाटलं, कारण यातली गंजाची तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि ती चूक आमची आहे.

आपल्या रत्नागिरीत खारा वारा आणि वर चार महिने पाऊस, इथे स्टीलची फ्रेम देताना आतून तेल मारूनच द्यायला पाहिजे आणि गिऱ्हाइकाला सांगायलाही पाहिजे. पाणी सीटच्या नळीतून आत उतरतं आणि खाली पेडलच्या बेअरिंगपाशी साचून राहतं, बाहेरून रंग चकचकीत दिसतो पण आतून गंज धरलेला असतो. गर्दीच्या दिवसात तुमची सायकल तशीच दिली गेली. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण जुना माल खपवला हे मात्र खरं नाही हो ताई. तुम्हीच सांगितलं होतं की मुलगा सोसायटीच्या पायऱ्यांवरून उड्या मारतो, आधीच्या सायकलचा चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) वाकवलाय. म्हणून स्टील दिली. स्टीलला जास्त मार बसला तर ते बहुतेक वेळा आधी वाकतं, रंगाला सुरकुत्या पडतात, आपल्याला दिसतं आणि आपण सायकल थांबवतो. ॲल्युमिनियमला रोजचे छोटे छोटे धक्केही आत साठत जातात, वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर पडते आणि ती वेळेत दिसली नाही तर फ्रेम एकदम तुटते, शिवाय ते साध्या वेल्डरकडे जोडून चालत नाही, वेल्डिंगच्या उष्णतेने तिथला धातू मऊ पडतो. ॲल्युमिनियम वाईट असं नाही म्हणत मी, बीएमएक्स रेसिंगवाले बरेचसे तेच वापरतात कारण तिथे वेग पाहिजे, पण उड्या आणि स्टंटवाले अजूनही बहुतेक क्रोमोली स्टीलच (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं मजबूत स्टील) घेतात. तुमची क्रोमोली नाही, साध्या, स्वस्त हाय-टेन स्टीलची आहे, ती त्याहून जड असते हेही सांगतो.

आता वजन. तुमचं मॉडेल काल काट्याला लटकवलं, 12 किलो 600 ग्रॅम भरलं. मुलगा 24-25 किलोचा असेल तर हे त्याच्या निम्मं झालं, जड वाटणारच. पण स्टँड, कॅरियर, दोन्ही मडगार्ड काढून परत लटकवलं तर 11 किलो 200. फ्रेम न बदलता जवळजवळ दीड किलो कमी! उड्या मारणाऱ्या पोराच्या सायकलला स्टँड-कॅरियर नकोच, पडला तर लागतं त्याने, हे मीच विकताना काढून द्यायला हवं होतं. आणि ऑनलाईन अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमची, म्हणून जी स्वस्त दिसते ना, तिच्यात बऱ्याचदा फक्त रिम अलॉयच्या असतात, घरातला लोहचुंबक फ्रेमला आणि चिमट्याला लावून बघा, चिकटला की स्टील.

तर असं करा, सोमवारी संध्याकाळी सायकल आणि मुलगा दोघांना घेऊन या. खालचं बेअरिंग खोलून तुमच्यासमोर बघू, वरवरचा गंज असेल तर साफ करून आतून तेल मारून देतो, नळी खाल्ली गेली असेल तर फ्रेम बदलून देतो, पैसे नाहीत. स्टँड, कॅरियर, मडगार्ड काढून त्याला चालवू दे. तरीही जड वाटली आणि उड्यांचं वेड कमी होऊन आता नुसती क्लासला जायला पाहिजे असेल तर ॲल्युमिनियमची घेऊन जा, फक्त फरकाचे पैसे द्या. तोवर सीट वरखाली करू नका, गंजाने बसली असेल तर जोर लावल्यावर नळी चिरू शकते, मी इथे तेल सोडून काढतो.