‘कुणाला तरी सांगा, ९५ टक्के यश पक्कं’: या आकड्याचा हिशेब

नवीन वर्ष आलं की एक संदेश ग्रुपाग्रुपांतून फिरू लागतो. नुसती इच्छा असेल तर ध्येय गाठण्याची शक्यता १० टक्के. मनाशी पक्कं ठरवलं तर २५, कधी करणार ते ठरवलं तर ४०, कसं करणार ते ठरवलं तर ५०, दुसऱ्याला शब्द दिला तर ६५. आणि त्या माणसाला ठरलेल्या वेळी भेटून हिशेब दिला तर थेट ९५. खाली सल्ला असतो: एक ‘अकाउंटॅबिलिटी पार्टनर’ (ज्याला प्रगतीचा हिशेब द्यायचा असा जोडीदार) शोधा, ध्येय सगळ्यांना सांगा, ग्रुप काढा, पैसे लावा. दुसऱ्याला हिशेब दिल्याने फायदा होतो, यात वाद नाही. वाद आहे तो कशामुळे होतो यावर.

‘९५ टक्के’

आकडे अमेरिकन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट या संस्थेच्या नावावर खपवले जातात. संस्था खरी आहे, २०१४ मध्ये तिने नाव बदललं. पण या आकड्यांबरोबर किती माणसं तपासली, ध्येयं कोणती होती, किती महिने पाहिलं आणि ‘गाठलं’ कशाला म्हटलं, यातलं काहीच येत नाही. साधा विचार केला तरी गणित बसत नाही. राज्यसेवेच्या प्रत्येक उमेदवाराने पार्टनर शोधला म्हणून जागा वाढणार नाहीत. तिथे सगळ्यांना ९५ टक्के शक्यता मिळणार कुठून?

खरी आकडेवारी बरीच संयमी आहे. २०१६ मध्ये १३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात जवळपास २० हजार माणसं होती. स्वतःची प्रगती नियमित तपासणाऱ्यांना ध्येय गाठण्यात मदत होते. नोंद लिहून ठेवली किंवा इतरांपुढे मांडली तर ती जास्त होते. परिणाम मध्यम, चमत्काराचा नाही.

कुणी मग कॅलिफोर्नियातल्या डोमिनिकन विद्यापीठातल्या गेल मॅथ्यूज यांचा अभ्यास पुढे करतं. मित्राला दर आठवड्याला अहवाल पाठवणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून जास्त यशस्वी, ध्येय मनातच ठेवणाऱ्यांपैकी ३५ टक्के. हा अभ्यास खरा आहे. पण तो चार आठवड्यांचा, १४९ जणांचा. यश ज्याचं त्याने सांगितलेलं, आणि निम्म्याहून जास्त वाट चाललेलाही यशस्वी धरलेला. शिवाय अहवाल पाठवणाऱ्यांनी ध्येय आणि करायची कामं लिहूनही काढली होती. सगळं श्रेय मित्राला कसं द्यायचं?

‘कुणीही चालेल, फक्त सांगा’

इथे शेजारच्या कर्नाटकातला प्रयोग बघण्यासारखा आहे. एमिली ब्रेझा आणि अरुण चंद्रशेखर या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या ६० गावांत लोकांना सहा महिन्यांचं बचतीचं लक्ष्य स्वतःच ठरवायला सांगितलं. काहींची प्रगती गावातल्याच एका व्यक्तीला नियमित कळवली जाई. ती व्यक्ती चिठ्ठी टाकून निवडलेली. अशी नजर असलेल्यांची बचत सरासरी ३६ टक्क्यांनी वाढली.  

फरक पडला तो कोणाला कळतं यावरून. गावात ज्याची ऊठबस जास्त, किंवा जो बचत करणाऱ्याच्या रोजच्या वर्तुळातला, त्याच्या नजरेखाली बचत जास्त झाली. ६३ टक्के निरीक्षकांनी ही माहिती पुढे इतरांना सांगितली. म्हणजे काम करत होती ती पत. पण अगदी जिवलग मित्र किंवा नवरा-बायको ही निवड, माझ्या मते, फसू शकते: तिथे पत धोक्यात येत नाही, एक तर माफी मिळते नाही तर भांडण होतं. ज्याच्यापुढे सबब सांगताना थोडं ओशाळल्यासारखं वाटेल असा माणूस हवा. त्याच क्षेत्रात आपल्यापुढे दोन पावलं असलेला असेल तर उत्तम.

‘सगळ्यांना जाहीर करा’

न्यूयॉर्क विद्यापीठातले पीटर गोलवित्झर यांनी २००९ मध्ये सहकाऱ्यांसोबत प्रसिद्ध केलेले प्रयोग याच्या विरुद्ध जातात. ‘चांगला वकील होणार’ अशा ओळखीशी जोडलेल्या ध्येयांत, ज्यांच्या संकल्पाची दुसऱ्याने दखल घेतली त्यांनी नंतर त्यासाठी कमी कष्ट घेतले. अभिनंदनातच ध्येयाचा थोडा आनंद मिळून जातो. याच प्रयोगांवरून ‘कुणालाच सांगू नका’ असा उलटा संदेशही फिरतो, तोही अर्धवटच. तिथे संकल्प ऐकणारा पुढच्या आठवड्यात वही मागणार नव्हता.

‘ग्रुप काढा’

चाळीस जणांच्या ग्रुपवर पहिल्या आठवड्यात अंगठ्यांचा पाऊस पडतो आणि तिसऱ्या आठवड्यात फक्त सुप्रभात उरतं. ज्याचा आठवडा वाईट गेला तो गप्प बसतो, आणि त्याचं गप्प बसणं कुणाच्या लक्षात येत नाही. तुलना करायचीच तर बचत गटाशी करा: १० ते २० सदस्य, ठरलेला वार, रक्कम सर्वांसमोर, नावानिशी नोंद. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेबाची वही या पंचसूत्रीतली एकही गोष्ट उत्साहावर सोडलेली नाही. कोण आलं नाही, हे तिथे दिसतं.

‘पैसे लावा’

फिलिपीन्समध्ये मिंडानाओ बेटावर एका बँकेने धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्यांना करार देऊ केला: खात्यात पैसे ठेवा, सहा महिन्यांनी लघवीच्या तपासणीत निकोटिन सापडलं तर ते दानात जातील. ज्यांना विचारलं त्यांतल्या ११ टक्क्यांनीच सही केली. करार देऊ केलेल्या गटात सोडणारे दर शंभरांत सुमारे तीनने जास्त निघाले, आणि वर्षभरानंतरच्या अचानक तपासणीतही फरक टिकला. उपाय उपयोगी, पण सही करणारे थोडे. आणि निकाल लघवीच्या तपासणीने दिला, धूम्रपान करणाऱ्याने नाही, हे विसरू नये.

मग करायचं काय

ध्येय कृतीत बदला. ‘पाच किलो कमी’ याचा दर आठवड्याला हिशेब देऊ नका. शरीरातल्या पाण्यानेच काटा किलोभर हलतो आणि मेहनत करूनही खोटं ठरल्यासारखं वाटतं. ‘आठवड्यात चार दिवस ४० मिनिटं चालणं’ मोजता येतं. पुरावा शब्दांत नको: सोडवलेल्या प्रश्नपत्रिकेचा फोटो, पासबुकाचं पान, चालण्याची अ‍ॅपमधली नोंद. वार आणि वेळ एकच ठेवा, उदाहरणार्थ रविवारी रात्री ९, दहा मिनिटं. प्रश्न तीनच: किती ठरलं होतं, किती झालं, पुढच्या आठवड्याचा आकडा काय. सल्ला मागितल्याशिवाय नाही. बहुतेक जोड्या इथेच मोडतात, कारण हिशेब घेणारा हळूहळू मास्तर होतो. शून्य काम झालं तरी शून्य कळवायचं, हा नियम पहिल्याच दिवशी बोलून घ्या. तो नसेल तर माणूस वाईट आठवड्यात फोनच उचलत नाही.

मुदत आठ ते बारा आठवडे ठेवा. सलग तीन आठवडे आकडा निम्म्याखाली राहिला तर जोडीदार बदलण्याआधी लक्ष्य निम्मं करून पाहा. दोष बहुधा आकड्यातच असतो.