आवाज काढला म्हणजे रियाजाचा ट्रॅक झाला?

कोल्हापुरातल्या गाणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या काकांपासून राजारामपुरीतल्या क्लासच्या पोरींपर्यंत सगळ्यांनी तो मला पाठवून झाला. सार असं: कुठलंही गाणं ऑडासिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, एक बटण दाबा, गायकाचा आवाज शंभर टक्के गायब. पट्टी हवी तेवढी बदला, एमपीथ्रीचं वेव्ह करून दर्जा वाढवा, की रियाजाचा ट्रॅक तयार. ऑडासिटी फुकट आहे, चांगलं आहे, मी रोज वापरतो. म्हणूनच हे वाचून डोकं फिरलं.

'कुठलंही गाणं' इथंच पहिली ठेच. त्या बटणाला गळा कळत नाही. डाव्या-उजव्या बाजूंत जे सारखं असेल ते एकमेकांतून वजा करायचं, एवढंच त्याचं काम. गायक बहुधा मधोमध ठेवलेला असतो म्हणून तो जातो. पण जुन्या गाण्यांना मुळात दोन वेगळ्या बाजूच नाहीत, दोन्हीकडं तेच वाजतं. प्रभातनं १९३२ साली कोल्हापुरातच पहिला मराठी बोलपट केला. स्टिरिओ, म्हणजे दोन वेगळ्या बाजूंच्या, तबकड्या जगाच्या बाजारात आल्या त्या १९५८ च्या सुमारास. मधली सगळी गाणी मोनो, म्हणजे एकाच बाजूची, आणि आपल्याकडची त्यानंतरचीही कित्येक. एक काका त्यांचं लाडकं भावगीत 'साफ' करायला घेऊन आले होते. त्यांच्यासमोरच एक बाजू इन्व्हर्ट, म्हणजे उलटी, करून दुसरीत मिसळली. पडद्यावरची लाट झोपली. हेडफोनमध्ये उरली फक्त तबकडीची खरखर. "आवाज गेला की!" काका खूश. गेलाच होता, पेटी-तबल्यासकट.

बरं, गाणं स्टिरिओ असलं तरी 'शंभर टक्के' विसरा. गायकाच्या आवाजाला दिलेली गुंज दोन्ही बाजूंना पसरलेली असते, ती वजा होत नाही. मग विहिरीतून कोणीतरी गातंय असा आवाज मागं राहतो. आणि मधोमध असलेली ढोलकी मात्र पार पातळ होते. एआयवाली नवी साधनं याहून पुष्कळ बरी, मोनोवरही चालतात. पण त्यातल्या नेहमीच्या मांडणीत डबे चारच: आवाज, ड्रम, बेस आणि 'बाकी'. आपली पेटी, बासरी, सारंगी सगळी त्या 'बाकी'त कोंबलेली. सारंगी गळ्याच्या मागोमाग जात असली की तिचे तुकडे आवाजाच्या डब्यात सांडतात.

पट्टीचं म्हणाल तर एक-दोन पट्ट्या (सेमीटोन) खाली-वर खपून जातं. पण पांढरी पाचचं गाणं काळी एकला आणायचं म्हणजे सहा पट्ट्या खाली. ढोलकी मडक्यासारखी वाजते. त्यात जुनी ध्वनिमुद्रणं यंत्राच्या वेगामुळं अनेकदा दोन पट्ट्यांच्या अधेमधे असतात. उणे २ टाकून तानपुऱ्याशी जुळत नसेल तर उणे २.३ टाकून बघा. आणि 'चेंज पिच'ऐवजी 'चेंज स्पीड अँड पिच' दाबू नका, त्यानं लयही बदलते.

वेव्हबद्दल एकच सांगतो: एमपीथ्री करताना जे गेलं ते वेव्ह केल्यानं परत येत नाही, फाइल तेवढी फुगते. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर जाऊन विचारा, पाणी घातलेलं दूध मोठ्या कळशीत ओतलं तर घट्ट होतं का.

हे सगळं चालवून घेतलं असतं, पण शेवटचा दावा मुळातच उलटा आहे. रियाजाला गायकाचा आवाज काढायचा नसतो, तोच तर ऐकायचा असतो. माझ्याकडची एक मुलगी असल्या 'साफ' ट्रॅकवर महिनाभर गात होती. तिच्या नकळत ती मागं उरलेल्या भुताच्या सुरात सूर मिसळायची. ट्रॅक बंद केला की तीच जागा हुकायची.

मग मूळ गाण्यातली ती जागा कापली. जेमतेम तीन सेकंदांची. 'चेंज टेम्पो'त उणे २५ टक्के केलं, झाली चार सेकंदांची. सूर जिथल्या तिथं. तिच्यापुढं तेवढीच चार सेकंद शांतता घातली. आधी ऐकायचं, मग रिकाम्या जागेत आपण म्हणायचं. ही जोडी सहा वेळा चिकटवली. अख्खी फाइल ४८ सेकंदांची. आठवडाभर भांडी घासताना तिनं तीच लावली. काल पुढची ओळ कापून घ्यायला आली होती.