चकलीचा ठेका

डब्लिनमध्ये राहून क्रिस्टी मूर या आयरिश लोकगायकाला अजून प्रत्यक्ष ऐकलं नाही, असं इथल्या माणसाला सांगून बघा. तो आधी गप्प होतो, मग तुमची कीव करतो आणि मग तिकिटं काढतो. माझ्या ऑफिसातल्या शेजाऱ्यानं हे सगळं एका चहात उरकलं. 'तुम्ही इंडियन लोक संगीतातले दर्दी,' असंही वर ऐकवलं, म्हणजे नाही म्हणायची सोय उरली नाही.

क्रिस्टीबुवांचा जन्म १९४५चा, किल्डेअर परगण्यातल्या न्यूब्रिजचा. (ऐंशीच्या घरातल्या गवयाला मी बुवाच म्हणणार, घरचे संस्कार.) तरुणपणी बँकेत कारकून होते. १९६६ साली बँकांचा संप झाला, तेव्हा हे इंग्लंडला गाणी म्हणायला गेले आणि परत काउंटरवर काही बसले नाहीत. आमच्याकडे बँकेतली नोकरी सोडली असती तर मामा, आत्या आणि सोसायटीचे सेक्रेटरी समजूत घालायला घरी आले असते. इथे बहुधा त्या दिवशी पाऊस असावा.

पाऊस त्या संध्याकाळीही होताच. कार्यक्रम थॉमस स्ट्रीटवरच्या विकर स्ट्रीट थिएटरात. गिनेस बिअरचा कारखाना तिथून हाकेच्या अंतरावर, आणि हवेत भाजलेल्या जवाचा वास. बायको छत्रीतून नाक बाहेर काढून म्हणाली, "अरे, कुणीतरी भाजणी भाजतंय." तिला तेवढ्यानं पर्समधल्या चकल्या आठवल्या. पुढचं सगळं त्या वासामुळे घडलं.

आत छोटंसं टेबल, आणि त्याला आम्ही दोघं, तो ऑफिसवाला आणि क्लेअर परगण्यातून आलेले एक धिप्पाड आजोबा. इथे राउंडची पद्धत आहे. एकानं सगळ्यांसाठी आणायचं, मग दुसऱ्यानं. तुम्ही स्वतः लिंबूसोडा पिता ही तुमची खासगी अडचण. तुमचा नंबर आला की इतरांच्या काळ्या बिअरचे पैसे तुम्हीच मोजायचे. आजोबांनी आल्या आल्या पहिला राउंड आणून आम्हाला ऋणात टाकलं.

बुवा आले. काळा शर्ट, हातात गिटार, आणि पहिल्याच ओळीला डोळे बंद. हॉल गाऊ लागला. पहिलं कडवं बुवांचं, ध्रुपद सगळ्यांचं, आणि ते न येणारे आम्ही दोघंच. मी मंत्रपुष्पांजलीला लावतो तीच युक्ती लावली: मधे नुसते ओठ हलवायचे आणि शेवटचा शब्द दणकून म्हणायचा. मग फावड्याचं गाणं आलं. कामावर जायचं तर फावडं विसरू नकोस, असं हजारभर माणसं छातीवर हात मारून सांगत होती. क्रिस्टी हेनेसी नावाच्या गायकानं ते रचलंय. तो आयर्लंडमधल्या ट्रलीचा, लंडनला बांधकामावर राबलेला. मीही पोटासाठीच देश सोडलेला, त्यामुळे लॅपटॉपची बॅग पायाशी ओढून घेतली आणि खराखुरा गायलो.

अशा वेळी माणसाला भूक लागते. बायकोनं टेबलाखालून चकली सरकवली. मी मोठा तुकडा तोंडात टाकला, आणि त्याच क्षणी बुवांनी गिटार खाली ठेवली.

आता जुनं आख्यानगीत. जॉन रायली नावाच्या भटक्या समाजातल्या गायकाकडून बुवांनी ते उचललेलं. अंधार. कुणी पेला उचलेना, कुणी खोकेना. माझ्या तोंडात सासूबाईंच्या हातची, कुरियरनं आलेली, कडक काटेरी चकली. चावली तर बाल्कनीपर्यंत ऐकू जाणार. गिळणं अशक्य. विरघळेल म्हणून वाट पाहिली, पण सासूबाईंनी मोहन बेतानंच घातलं होतं. आणि या गाण्यांना कडवी किती असतात म्हणता! एक पाप उघड होतं, तोवर दुसरं पुढे उभं. मला गोष्टीत रस होता, पण एक काटा टाळूला रुतला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. आजोबांनी ते पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं, गाणं भिडलं.

तेवढ्यात बुवांनी बाउरान हातात घेतला. बोकडाच्या कातड्याचं हे चर्मवाद्य, आवाज घुमणारा. पहिली थाप पडली आणि मी चावलो. थाप, कुर्रम. थाप, कुर्रम. लय वाढली तशी मीही वाढवली. दोन कडव्यांत चकली संपली, एकदाही ठेका न चुकता. शाळेत तबल्याच्या मास्तरांनी मला ज्यासाठी वर्गाबाहेर काढलं होतं, ते मला डब्लिनमध्ये जमलं.

टाळ्या सुरू झाल्या तसे आजोबा माझ्याकडे वाकले. काहीतरी गंभीर विचारणार असं वाटलं. त्यांनी टेबलाखाली हात पसरला आणि म्हणाले, "त्यातली एक मलाही दे बघू."

बायकोनं अख्खा पुडा टेबलावर ठेवला. तो ऑफिसवालाही सरसावला, मागच्या टेबलावरून दोन हात आले. पुडा संपल्यावर आजोबांनी बोटं चाटली आणि जाहीर केलं की आमचा राउंड झाला, आता त्या ऑफिसवाल्याचा नंबर. तो बिचारा पाकीट काढत बारकडे निघाला.