इशापूरची रायफल, परक्या देशातलं कपाट

डिसेंबर २०१९ मध्ये भारतात शस्त्र कायदा बदलला आणि एका परवान्यावर तीनऐवजी दोनच बंदुका ठेवायच्या असं ठरलं. विधेयकात आधी एकच होती, आरडाओरडा झाल्यावर दोन झाल्या. वारशाने आलेली बंदूकही याच हिशेबात धरायची आणि जास्तीची वर्षाच्या आत जमा करायची. त्यावरचा वाद अजूनही दोनच तोंडांनी चालतो. एकाला बंदूक म्हणजे गुंडगिरी, दुसऱ्याला घराण्याची शान. कारखान्याचे शिक्के वाचणारा आणि जुनं यंत्र म्हणून रायफल सांभाळू पाहणारा तिसरा माणूस या भांडणात कुणाला दिसत नाही. १९५९ च्या कायद्यातलं ४५वं कलम जुन्या शस्त्राला सूट देतं खरं, पण दुरुस्त करूनही जे चालणार नाही अशालाच. म्हणजे मेलेलंच चालेल.

अमेरिकेत या तिसऱ्या माणसासाठी वेगळा परवाना आहे, 'क्युरिओ अँड रेलिक'. वय २१ पूर्ण, ३० डॉलर, ३ वर्षं. पन्नास वर्षांहून जुनं आणि मूळ रूपात असलेलं शस्त्र त्यावर दुसऱ्या राज्यातूनही थेट घरी मागवता येतं. धंदा मात्र करता येत नाही. आपल्याकडच्या वादात या व्यवस्थेतली घेण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे वही. रायफल आली की पुढच्या कामाच्या दिवसाअखेर नोंद झाली पाहिजे: कोणाकडून, कुणी बनवली, मॉडेल, क्रमांक, कॅलिबर. विकली तर सात दिवसांत. इथली, म्हणजे अमेरिकेतली, बाकीची ढिलाई, विशेषतः अनेक राज्यांत दोन खासगी माणसांमध्ये विनानोंद होणारी विक्री, भारतात नेण्याच्या लायकीची नाही.

इथल्या मराठी माणसाने पहिली गोष्ट बघायची ती स्वतःचा व्हिसा. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर बंदूक बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण संग्रहाचा पाया अपवादावर घालू नये. आधी ग्रीन कार्ड, मग रायफल. राज्याचे नियम त्याहून वेगळे बघावे लागतात.

सुरुवात लोक स्वस्त मिळेल त्याने करतात आणि तिथेच फसतात. स्वस्त म्हणजे बहुधा पुढचं लाकूड कापून शिकारीसाठी 'स्पोर्टराइज' केलेली. तिचं मूळ रूप गेलेलं असल्याने ती या परवान्यातही बसत नाही, आणि नवं लाकूड व कड्या जमवण्याचा खर्च अख्ख्या रायफलीच्या घरात जातो. एक धोका नावानिशी सांगायला हवा: अमेरिकन १९०३ स्प्रिंगफील्ड. स्प्रिंगफील्ड आर्मरीचे ८,००,००० च्या खालचे आणि रॉक आयलंडचे २,८५,५०७ च्या खालचे क्रमांक भिंतीवरच ठेवावेत, झाडू नयेत. घडवताना पोलाद जास्त तापल्याने त्यांचे रिसीव्हर (नळीमागची धातूची चौकट) ठिसूळ झाले आणि काही फुटले.

आपल्या माणसाला ली-एनफील्डहून, म्हणजे ब्रिटिशांच्या जुन्या .३०३ बोअरच्या लष्करी रायफलीहून, चांगली सुरुवात नाही. त्यातही बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यातली. दस्ता जिथे बसतो त्या धातूच्या सॉकेटवर उजवीकडे 'आर.एफ.आय.' (रायफल फॅक्टरी, इशापूर) आणि साल कोरलेलं असतं; पन्नास वर्षांचा हिशेब तिथूनच लागतो. मॅगझिनच्या पुढे लाकडातून आडवा स्क्रू दिसला तर तो दोष समजू नये. लाकूड फाटू नये म्हणून भारतात मारलेला तो टाका आहे. १९६२ च्या युद्धानंतरची टू-ए आणि टू-ए-वन ही इशापूरची मॉडेलं ७.६२ नाटो काडतुसाची, १२ गोळ्यांच्या चौकोनी मॅगझिनची. तिच्यात .३०३ चालत नाही. 'डी.पी.' शिक्का असेल तर ती कवायतीची, झाडायची नाही.

ली-एनफील्डच्या जुन्या नंबर वन मॉडेलचा क्रमांक रिसीव्हर, नळी, बोल्टची (काडतूस मागून बंद करणाऱ्या दांड्याची) मूठ, मागच्या माशीची पट्टी आणि नोजकॅप (नळीच्या तोंडाजवळची टोपी) इथे जुळवून पाहावा. बोल्ट दुसरा असेल तर हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतुसाची कड टेकते ती जागा यांतलं अंतर) तपासल्याशिवाय गोळी घालू नये. .३०३ च्या 'गो' गेजवर (मापाचा ठोकळा, ०.०६४ इंच) बोल्ट बंद व्हावा, 'फील्ड'वर (०.०७४) होऊ नये. झाला तर काडतूस कडेच्या वर फाटतं आणि गॅस तोंडाकडे येतो. नंतरच्या नंबर फोर मॉडेलला ० ते ३ अशा मापांचे बोल्टहेड (बोल्टची पुढची टोकं) मिळतात, एक पायरी वर चढून बघता येतं. नंबर वनला ती सोय नाही. मग नळीचं तोंड. वर्षानुवर्षं पुल-थ्रूची (नळी साफ करायची) दोरी एकाच बाजूला घासून ते लंबगोल झालेलं असतं. आतले आटे चकचकीत दिसतात आणि गोळ्या तरीही ताटभर पसरतात.

जुन्या काडतुसांवर 'के.एफ.' दिसलं तर ते आपल्या खडकीचं. माया वाटते, पण विश्वास ठेवू नये. चाप ओढल्यावर नुसती टिक झाली तर नळी लक्ष्याकडे धरून किमान तीस सेकंद थांबावं, बार उशिरा होऊ शकतो. जुन्या प्रायमरमधलं (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगीच्या टोपीतलं) क्षार नळीत उरून हवेतलं पाणी ओढतं, आणि ते तेलात विरघळत नाही. त्याच दिवशी चेंबरकडून उकळतं पाणी ओतावं, बोल्टचं तोंडही धुवावं, कोरडं करावं, मगच तेल. लाकडाला पॉलिश पेपर लावू नये, शिक्के जातात. कच्चं जवसाचं तेल हाताने चोळलं की पुरे.

भारतात .३०३ सामान्य माणसाला निषिद्ध बोअर. त्याच धाटणीची इशापूरचीच .३१५ मात्र परवान्यावर मिळते. उत्तर प्रदेश पोलिसांनी .३०३ ला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला. इशापूरच्या सालवार शिक्क्यांचा संग्रह एखाद्या भारतीयाला हौस म्हणून करायचा तर तो आज अमेरिकेतच शक्य आहे, हे मला खटकतं. दोनाची मर्यादा खुशाल ठेवा. क्रमांकवार वही, कुलपाचं कपाट, वर्षाची तपासणी आणि झाडायला बंदी, एवढ्या अटींवर संग्राहकाचा वेगळा वर्ग करायला सरकारचं काय अडतं?

आणि दसऱ्याला शस्त्रपूजन करणाऱ्यांनी, इथल्या आणि तिथल्याही, एवढं करावं: ओलं हळदकुंकू आणि झेंडू नळीवर रात्रभर ठेवू नये. त्याच संध्याकाळी पुसून तेलाचा हात फिरवावा. सकाळपर्यंत त्या जागी तांबूस डाग उठतो, आणि तो घालवताना मूळची काळी झिलईही जाते.