जागा झाली तर फोन करू, बेन

पाडव्याला बडोद्यातल्या भायलीच्या नव्या घरात गुढी उभारली, त्याला आज २७ दिवस झाले. देव मांडून झाले, गॅस जोडून झाला, कुठल्या बटणाने कुठला पंखा लागतो तेही पाठ झालं. लेकीच्या शाळेचं घोडं मात्र अजून अडलेलंच आहे.

आमची जुनी वस्ती, समा, का सोडली ते बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ च्याही वर गेली तेव्हा आम्ही तळमजल्यावर होतो. फ्रिज आडवा होऊन तरंगत बैठकीत आला आणि त्याच्यामागून तुपाची बरणी, झाकण घट्ट असल्यामुळे अगदी डौलात. पुढचा पावसाळा आभाळाकडे बघत काढला. आता तिसरा मजला.

"आधी शाळा पक्की कर, मग घर हलव." हे मला सासूबाईंपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांनी सांगितलं. सल्ला सोन्यासारखा आहे, पण पाळायचा कसा तेवढं कुणी सांगत नाही. इकडच्या शाळेत चौकशीला गेलं की पहिला प्रश्न, राहता कुठे? सध्या समाला, इकडे यायचा विचार आहे, म्हटलं की फॉर्म परत आपल्याकडे सरकतो. आधी भाडेकरार आणा, नाहीतर लाइटबिल. भाडेकरार करायचा म्हणजे डिपॉझिट द्यायचं, ११ महिने अडकायचं, आणि मग समजणार की जागा नाही. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातली गत.

एलसीचं, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्याचंही तेच. नवी शाळा म्हणते एलसी आणा, मग प्रवेश पक्का. जुनी म्हणते एलसी हवी तर आधी नाव काढल्याचा अर्ज द्या. आणि हल्ली हातात कागद येऊन भागत नाही, यूडायस या सरकारी पोर्टलवर जुन्या शाळेने मूल 'ड्रॉपबॉक्स'मध्ये टाकावं लागतं, तेव्हा कुठे नव्या शाळेला ते उचलून घेता येतं. म्हणजे मधले काही दिवस तुमची मुलगी सरकारदरबारी एका डब्यात. मी तो अर्ज लिहून पर्समध्ये ठेवलाय, दिलेला नाही. एकदा दिला की तिकडची जागा गेली.

धाकट्याचं एका खेपेत झालं. गुजरातेत पहिलीला १ जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात, आमचं ध्यान ४ जूनचं, म्हणून बालवाटिका, म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग. लहान वर्गांना शाळा आपणहून बोलावतात, कारण तिथे दरवर्षी अख्खा वर्ग नव्याने भरायचा असतो. थोरली सातवीत. सातवीत जागा कुणी उठून गेल्याशिवाय होत नाही. बडोद्यात उठून जाणारी माणसं म्हणजे रेल्वे, रिफायनरी, ओएनजीसी, बँकावाले. त्यांच्या ऑर्डरी निघणार, त्यांना तिकडे घर आणि शाळा मिळणार, मग ते इकडची एलसी काढणार. तोवर काउंटरवरून एकच उत्तर: "जागा झाली तर फोन करू, बेन." किती जागा आहेत? सांगता येणार नाही. माझ्यापुढे किती जण? ते मॅडमना माहीत. मॅडम कधी भेटतील? फोन करू, बेन.

माझा राग जागा नसण्यावर नाही. चाळीसच्या वर्गात चाळीस मुलं झाली तर झाली, माझ्या मुलीसाठी भिंत पाडा असं कोण म्हणेल? राग ते लपवण्यावर आहे. आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के मोफत जागांसाठी कुठल्या शाळेत किती जागा ते पोर्टलवर दिसतं. पहिली फेरी झाली की उरलेल्या जागा जाहीर होतात, मग दुसरी फेरी. त्यातही कटकटी असतील, पण निदान आकडा तरी दिसतो. पूर्ण फी भरणाऱ्यांचा सगळा कारभार मात्र तोंडी. प्रत्येक शाळेने मार्चअखेर इयत्तेवार रिकाम्या जागा आणि वेटिंगचा क्रम फाटकावर चिकटवावा. एक कागद, चार ड्रॉइंग पिना. नाही म्हणून सांगितलं असतं तर मी भायलीऐवजी मांजलपूरला घर बघितलं असतं.

एका शाळेने तर लेकीला "छोटीशी टेस्ट" म्हणून पाऊण तास बसवलं. आठवीपर्यंत प्रवेशासाठी चाचणी घ्यायला आरटीईच्या कलम १३ ने मनाई आहे, पहिल्या गुन्ह्याला २५,००० पर्यंत दंड आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. बोलले का? नाही. पोरीची जागा त्यांच्या हातात, मी कसली कलमं सांगतेय! बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "आई, पेपर सोपा होता, पण त्या बाई तुझ्या चपलांकडे बघत होत्या."

आता खरं सांगायचं तर एक शाळा लगेच हो म्हणाली होती. समितीची म्हणजे महापालिकेची, मराठी माध्यमाची. मोठ्या बाई म्हणाल्या, "उद्यापासून पाठवा, एलसी मागाहून आणा." कायदाही तेच म्हणतो, सरकारी आणि अनुदानित शाळेत बदलीचा हक्क आहे, दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. विनाअनुदानित खाजगी शाळांकडे जायला तो हक्क नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला लावलं. तेव्हा मूल शाळेत घातलं नाही तर बापाला दंड व्हायचा. त्यांच्याच बडोद्यात मी आज फाइल काखोटीला मारून फाटकाफाटकांवर उभी आहे, आणि जिथे हो म्हणाले तिथे पाठवत नाहीये. इंग्रजीतून एकदम मराठीत सातवीला कशी टिकेल, हे माझं कारण. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं म्हणजे लोक काय म्हणतील. अशा शाळा का ओस पडतात यावर मी चारचौघांत तावातावाने बोलत आलेय, म्हणून हेही लिहून टाकते.

तर सध्या लेक जुन्याच शाळेत जाते, रोज दहा-बारा किलोमीटर. व्हॅनकाका या बाजूला येत नाहीत, म्हणून पहाटे साडेपाचला उठून नवरा स्कूटरवर सोडतो. ती मागे बसून त्याच्या पाठीवर डोकं टेकून झोपते, म्हणून त्याने ओढणीने तिला कमरेशी बांधून घ्यायला सुरुवात केलीय. तो कुरकुरत नाही, मीच कुरकुरते. घर बदललं ते चुकलं का? नाही. परवा वळीव झाला तेव्हा दोन वर्षांत पहिल्यांदा मी खिडकीपाशी न जाता कूस बदलून झोपले.

काल पुन्हा फोन केला. मागच्या आठवड्यात आमचा नंबर चौथा होता, आता सहावा आहे. मागे कसा गेला विचारलं तर म्हणाले, "बेन, असं होतं."

भायली-वासणाकडे कुणाची बदलीची ऑर्डर आली असेल आणि मूल सातवीत असेल, तर इनबॉक्समध्ये या. सामान बांधायला मी येते, माझ्याकडे खोकी भरपूर आहेत.